फिन नीट बसवा, मगच बोर्ड पाण्यात सोडा

महोदय,

सुट्ट्या लागल्या की नागपुरातून पाण्याकडे निघणाऱ्यांत आता बोर्डवालेही दिसू लागले आहेत. कोणी पुरी, विशाखापट्टणम किंवा तारकर्लीला जाताना सर्फबोर्ड गाडीच्या टपावर बांधतो, तर कोणी हवा भरायचा पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून वल्हवायचा बोर्ड, पाठीवरच्या पिशवीत घालून पहाटेच रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर पोहोचतो. दोघांच्याही बोर्डाखाली फिन लागते. ती बोर्डासोबत प्लास्टिकच्या पाकिटात सुटी येते. समुद्रकाठच्या गावात सर्फिंग शिकवणारा कोणीही ती दोन मिनिटांत बसवून देतो. आपल्याकडे हे काम घरच्या फरशीवर, हाताला लागेल त्या पेचकसाने उरकले जाते. उलटी बसलेली फिन, आटे गेलेला स्क्रू आणि तडकलेला बॉक्स (फिन बसवायची बोर्डातली खोबण) ही त्याची फळे आहेत आणि तिन्ही टाळता येतात. त्यासाठी काय करावे ते मराठीत एका जागी सापडावे म्हणून हे पत्र जरा लांब लिहीत आहे. आपल्या सदरात जागा द्यावी, ही विनंती.

फिन म्हणजे बोर्डाच्या शेपटाखालचे उभे पाते. बोर्डाचा तळ जवळजवळ सपाट असतो. पाते नसेल तर तो ओल्या फरशीवर ताट सरकावे तसा आडवा घसरतो. पाते ही आडवी घसर अडवते, आणि वळताना पाण्यात रोवून राहून बोर्डाला आधार देते. अमेरिकेतील टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये सर्फबोर्डाला असे पाते लावून पाहिले. त्याआधी बोर्डाची दिशा बदलायला मागचा पाय पाण्यात ओढावा लागे. आज बहुतेक बोर्डांवर दिसणारी तीन फिन्सची मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी पुढे आणली. १९८१ मध्ये त्यांनी त्या बोर्डावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली आणि ती सगळीकडे रुळली. फिन कायमची चिकटवण्याऐवजी काढता-घालता येऊ लागली तेव्हा स्क्रू, खाच आणि चावी यांचा प्रश्न सुरू झाला, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

आधी आपल्या बोर्डात कोणता बॉक्स आहे ते ओळखावे. बोर्ड घडी घातलेल्या चादरीवर पालथा ठेवा. प्रत्येक फिनसाठी दोन वेगवेगळे छोटे खड्डे असतील तर ती एफसीएस या कंपनीची जुनी पद्धत. तिच्यात फिनच्या बुडाला दोन दात असतात आणि प्रत्येक दाताला एक ग्रब स्क्रू, म्हणजे तीन फिन्सना सहा स्क्रू. एकच लांब खाच आणि तिच्या नाकाकडच्या, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या, टोकाला एक स्क्रू असेल तर ती फ्युचर्स कंपनीची. लांबट खाच असून फिन नुसती दाबून बसते, स्क्रू लागत नाही, ती एफसीएस टू. आणि बोर्डाच्या मधोमध, शेपटाकडे, साधारण दहा इंच लांब खाच असेल तर तो यूएस बॉक्स. लाँगबोर्ड (लांब सर्फबोर्ड) आणि पॅडलबोर्डला बहुधा हाच असतो. काही हवेच्या बोर्डांना स्क्रूऐवजी प्लास्टिकची खुंटी किंवा क्लिप असते. तिथे खुंटी पूर्ण आत गेली की नाही एवढेच पाहायचे.

एफसीएस टू आणि फ्युचर्स दिसायला जवळची असली तरी बसवण्याची दिशा उलट आहे. एफसीएस टूमध्ये फिनचा पुढचा दात आधी खाचेत अडकवायचा आणि मग मागची बाजू तळव्याने दाबायची. खट् असा आवाज येतो. फ्युचर्समध्ये मागचे टोक आधी आत सरकवायचे, मग पुढचे खाली दाबायचे आणि पुढचा स्क्रू आवळायचा. हे उलटे करून जोर लावला की खाचेची कड मोडते. एफसीएस टूची फिन काढताना मागची कड धरून वर उचलावी लागते आणि ती अचानक सुटते. तेव्हा हाताला जाड फडके गुंडाळा, कारण मागची कड धारदार असते.

आता ग्रब स्क्रूकडे जवळून पाहू. तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो, त्याला डोके नसते, वरच्या तोंडाला षटकोनी खाच असते. तो तिरका आत जातो आणि त्याचे खालचे टोक फिनच्या दाताला बाजूने दाबते. म्हणजे तो फिनला खाली खेचत नाही, नुसता जागेवर धरून ठेवतो. ही गोष्ट लक्षात आली की पुढचे सगळे आपोआप कळते. फिन आधी हातानेच तळापर्यंत बसली पाहिजे. ती अर्धवट वर राहिली आणि स्क्रू आवळला तर स्क्रू तिला त्या चुकीच्या उंचीवरच पक्की करतो, आणि पहिल्याच जोरदार वळणावर दात तुटतो. म्हणून फिन घालण्याआधी स्क्रू एवढे मागे फिरवा की खड्डा मोकळा दिसेल. पूर्ण बाहेर काढू नका, हरवतात. खड्ड्यातली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. दोन्ही तळव्यांनी फिन सरळ खाली दाबा. बूड आणि बोर्ड यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची कड घालून पाहा. कागद आत गेला तर फिन बसलेली नाही. मग स्क्रू फिरवा. टोक दाताला टेकल्याचे बोटांना कळते, त्यानंतर फार तर पाव फेरा. चावीची लांब बाजू स्क्रूमध्ये आणि आखूड बाजू बोटांत धरा, म्हणजे जास्त जोर लागणारच नाही. दोन स्क्रूंपैकी एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. दोघांना आळीपाळीने थोडे थोडे फिरवा.

चावीबाबत आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. एफसीएस आणि फ्युचर्सच्या स्क्रूंना ३/३२ इंचाची अ‍ॅलन की लागते, म्हणजे २.३८ मिलिमीटर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिलिमीटरचे संच सहज मिळतात आणि त्यांत २ आणि २.५ या शेजारच्या चाव्या असतात. २.५ आत जात नाही. २ जाते, पण सैल बसते, आणि दोन-तीन वेळा जोर दिला की खाचेचे कोपरे गोल होतात. मग योग्य चावीही काम करत नाही. इतवारीच्या लोहाओळीत किंवा कुठेही विचारताना ‘इंची संच द्या’ असे स्पष्ट सांगा. कोपरे गोल झालेला स्क्रू ठेवून देऊ नका, आज फिरतोय तोवरच बदला.

कोणती फिन कुठे, हा पुढचा प्रश्न. तीन फिन्सच्या संचात मधली फिन दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर असते. बाजूच्या दोन फिन्सची एक बाजू फुगीर आणि दुसरी सपाट किंवा किंचित खोलगट असते. सपाट बाजू आत, मधल्या रेषेकडे. फुगीर बाजू बाहेर, बोर्डाच्या कडेकडे. डावी-उजवी बदलली तर बोर्ड थांबून थांबून ओढल्यासारखा चालतो, आणि माणूस दोष लाटेला देतो. प्रत्येक फिनची जाड, गोलसर कड पुढे आणि पातळ कड मागे असते. टोक शेपटाकडे झुकलेले असले पाहिजे. भाड्याच्या पॅडलबोर्डवर फिनचे टोक नाकाकडे वळलेले दिसले तर ती उलटी आहे, मग बसवणारा काहीही म्हणो.

बाजूच्या फिन्स बोर्डाच्या मधल्या रेषेला समांतर नसतात. त्यांचे पुढचे टोक आतल्या बाजूला, नाकाकडे रोखलेले असते. फिनच्या बुडाच्या लांबीत हा फरक साधारण ३ ते ६ मिलिमीटर येतो. शिवाय त्या बाहेरच्या बाजूला काही अंश कललेल्या असतात. हे दोन्ही कोन बोर्ड बनवतानाच ठरतात, आणि साध्या बॉक्समध्ये ते आपल्याला बदलता येत नाहीत. कोन बदलण्यासाठी इन्सर्ट, म्हणजे आत घालायचे सुटे तुकडे, घालता येतील असे बॉक्सही मिळतात, पण नवशिक्याने तिकडे वळू नये. फिन बदलून जेवढा फरक पडतो तेवढाच पचवायला एक मोसम लागतो. मात्र बॉक्सची दुरुस्ती करून घेतली असेल तर डाव्या आणि उजव्या फिनचे मधल्या रेषेपासूनचे अंतर पट्टीने मोजून घ्या. पुढच्या टोकाचे आणि मागच्या टोकाचे, दोन्ही. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर बोर्ड एका बाजूला ओढणारच.

खऱ्या अर्थाने पुढे-मागे सरकवून जुळवता येते ती यूएस बॉक्समधली फिन, आणि नागपूरच्या तलावांवर तीच सर्वांत जास्त असते. तिचे तीन भाग: फिन, एक स्क्रू आणि नखाएवढी चौकोनी धातूची पट्टी, जिच्यात आटे पाडलेले असतात. फिनच्या बुडाला मागे एक आडवी पिन असते आणि पुढे भोक असलेला छोटा कान. खाचेच्या आत दोन्ही कडांखाली चर असते. पट्टी आणि पिन त्या चरीत सरकतात. चरीत उतरायला खाचेच्या मध्यभागी थोडी रुंद जागा ठेवलेली असते.

आता क्रम. स्क्रू पट्टीत फक्त दोन फेरे घाला, म्हणजे तो पट्टीला मुठीसारखा होतो. पट्टी मधल्या रुंद जागेतून चरीत उतरवा आणि स्क्रू धरून नाकाकडे सरकवा. जिथे फिनचा कान येणार तिथे थांबा. स्क्रू काढून घ्या, पट्टी तिथेच राहू द्या. आता फिन तिरपी धरून तिची मागची पिन मधल्या जागेतून उतरवा, शेपटाकडे सरकवा, आणि मग पुढचा भाग खाली दाबा. कानातल्या भोकातून पाहिले की खाली पट्टीचे भोक दिसले पाहिजे. थोडे मागेपुढे असेल तर फिन सरकवा. पट्टी लांब राहिली असेल तर टाचणीने ढकला. स्क्रू आधी बोटांनी फिरवा. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले तरच पेचकस हाती घ्या. पहिल्याच फेऱ्याला अडकला तर आटे तिरके लागले आहेत. जोर न लावता परत काढा.

हा स्क्रू हरवतोच, आणि तो बदलताना आट्यांची गल्लत होते. अमेरिकी पद्धतीच्या बॉक्सला ८-३२ आट्यांचा स्क्रू असतो, जाडी ४.१७ मिलिमीटर आणि एका इंचात ३२ आटे. अनेक पॅडलबोर्डांना एम-४ असतो, जाडी ४ मिलिमीटर, आट्यांतले अंतर ०.७ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एम-४ चा स्क्रू ८-३२ च्या पट्टीत सैलपणे जातो आणि पाण्यात एका धक्क्यासरशी सुटतो. उलट ८-३२ चा स्क्रू एम-४ च्या पट्टीत घातला तर दोन फेऱ्यांत अडकतो, आणि पुढे जोर दिला की पट्टीचे आटे जातात. आपल्या बाजारात एम-४ मुबलक मिळतो. म्हणून एक सरळ उपाय सुचवतो: स्क्रू एकटा बदलू नका, स्क्रू आणि पट्टी जोडीने बदला आणि दोन्ही एम-४ ची ठेवा. पट्टी चरीत सरकते ना, तेवढे पाहून घ्या. स्क्रूची लांबी जुन्याएवढीच हवी. लांब स्क्रू पट्टीतून खाली जाऊन बॉक्सचा तळ फोडतो आणि पाणी थेट बोर्डाच्या आतल्या फोममध्ये शिरते. साधा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू घेऊ नका, स्टेनलेस घ्या. समुद्रावर न्यायचा असेल तर ३१६ प्रतीचा मागा. मिठाच्या पाण्यात तो ३०४ पेक्षा जास्त टिकतो. आट्यांना व्हॅसलिनचे बोट लावले की पुढच्या वर्षी तो निघेलही.

फिन आता खाचेत आहे. ती पुढे ठेवायची की मागे? सुरुवात मध्यावर करा. मागे नेली की बोर्ड सरळ चालतो, पण वळायला जड होतो. पुढे आणली की वळणे हलके होते, पण सरळ जाताना नाक इकडेतिकडे करते. लाटेवरही हेच: मागे म्हणजे वेग आणि पकड, पुढे म्हणजे चटकन फिरणे. एका वेळी ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, जास्त सरकवू नका. शेपटाच्या टोकापासून फिनच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहा. खाचेवर पेन्सिलीची खूण पुसली जाते, आकडा राहतो. आणि एका वेळी एकच बदल करा. फिन सरकवली, त्याच दिवशी दुसऱ्या मापाची लावली आणि बोर्डात हवाही वाढवली, तर फरक कशाने पडला ते कळायला मार्ग नाही.

तलावावर हे तपासायची साधी रीत आहे. पहाटे, वारा उठायच्या आत, पलीकडच्या काठावरचे एखादे झाड किंवा मंदिराचा कळस समोर धरा. एकाच बाजूने वल्हे मारत चला आणि नाक त्या खुणेवरून पूर्ण हटेपर्यंत किती वल्ही झाली ते मोजा. मग दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. खूप वेगळे आले तर फिन तिरकी बसली आहे किंवा वाकली आहे. फिन ६ मिलिमीटर मागे घ्या आणि पुन्हा मोजा. वल्ह्यांची संख्या वाढलेली दिसेल. मग जागच्या जागी पूर्ण फिरायला किती वल्ही लागतात तेही मोजा, तीही वाढलेली असतील. लांब फेरी मारणाऱ्याला पहिला आकडा मोठा हवा, गर्दीत मुलांना शिकवणाऱ्याला दुसरा लहान. दुपारी बाजूने वारा सुटला की फिन फार मागे असलेल्या बोर्डाचे शेपूट पाण्यात धरून राहते आणि नाक वाऱ्याबरोबर ढकलले जाते. तेव्हा एक पाऊल पुढे सरकून उभे राहिले तर नाकही पाण्याला धरते.

मापाचे थोडक्यात सांगतो. लाँगबोर्डच्या एकट्या फिनसाठी बोर्ड जितके फूट तितके इंच फिन, हा जुना ठोकताळा सुरुवातीला पुरतो. बाजूला दोन छोट्या फिन्स असतील तर मधली ६ ते ८ इंचांची चालते. तीन फिन्सच्या संचात माप वजनावर असते. ६५ ते ८० किलोच्या माणसाला मध्यम, त्याखाली लहान, त्यावर मोठे. उंच फिन जास्त पकडते. लांब बुडाची वेग धरते. मागे जास्त झुकलेली लांब, गोल वळणे देते, आणि उभी फिन आखूड वळणे. लवचिक फिन चुका सांभाळून घेते, म्हणून शिकणाऱ्याने फार ताठ फिनच्या मागे लागू नये. महागडी असली तरी नाही.

आपल्या तलावांचे मात्र वेगळेच आहे, आणि या भागावर परदेशी माहितीपत्रके काहीच सांगत नाहीत. मे महिन्यात पाणी खाली जाते. बांधाच्या उतारावरचे दगडी पिचिंग उघडे पडते, आणि जिथे डिसेंबरात छातीभर पाणी होते तिथे दगड घोट्याला लागतो. ९ इंचांची फिन आणि त्यावर माणसाच्या वजनाने दोन इंच दबलेला बोर्ड, म्हणजे अकरा इंच पाण्यातही फिन तळाला टेकते. फिन दगडाला थडकली की बोर्ड जागीच थांबतो आणि उभा माणूस पुढे कोसळतो, तेही दगडांवर. म्हणून गुडघाभर पाणी असतानाच खाली उतरावे, आणि एप्रिल ते पावसाळ्यापर्यंत ४ ते ५ इंचांची छोटी फिन लावावी. बोर्ड थोडा सैल चालेल, चालू द्या.

दुसरी गोष्ट जलपर्णी. अंबाझरी तलावाचे पाणी तिने कसे झाकले जाते ते नागपूरकरांना सांगायला नको. तिची मुळे पिसासारखी पाण्यात खाली लोंबतात, आणि उभ्या फिनवर त्यांचा गुंता बसला की बोर्ड पुढे सरकत नाही. जास्त झुकलेली, विळ्यासारखी फिन घेतली तर तुरळक शेवाळ आणि पाण्याखालच्या वेली तिच्यावरून घसरून जातात. दाट थरात कोणतीच फिन चालत नाही, तिथे जाऊच नये. अडकलात तर वाकून हात घालू नका. बोर्डावर बसा, दोन वल्ही उलटी मारा, गुंता आपसूक सुटतो. झुकलेल्या फिनचा आणखी एक फायदा: ढिवर बांधवांच्या जाळ्याच्या वरच्या दोरीवरून ती सरकते, जाळे फाडत नाही. पहाटेच्या पाण्यावर त्यांचा हक्क आपल्या आधीचा आहे. जाळ्याचे तरंगते डबे दिसले की वळसा घालून जावे.

नवतपाच्या उन्हाचा बोर्डाला आणि फिनला दोघांना त्रास होतो. सकाळी ३० अंशांत १५ पीएसआय हवा भरलेला बोर्ड उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तर आतला दाब जवळपास १८ होतो. शिवणीवर आणि फिनच्या बॉक्सभोवतीच्या चिकटवलेल्या भागावर हा ताण येतो, आणि बॉक्स एका कडेने उचलला जातो. पाण्याबाहेर बोर्ड सावलीत ठेवा, सावली नसेल तर थोडी हवा सोडा. फायबरचा बोर्ड बंद गाडीत दुपारभर ठेवू नका, रेझिन मऊ पडते आणि थर सुटतो. बोर्ड ठेवताना फिनवर टेकवून ठेवला तर प्लास्टिकची फिन तेवढ्यात वाकते. वाकलेली नायलॉनची फिन टाकून द्यायची गरज नाही. उकळायला आलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवा, सांडशीने काढून सपाट फरशीवर पाटाखाली दाबा, आणि तशीच दाबलेली असताना वरून गार पाणी ओता. काचतंतूच्या फिनवर मात्र हा प्रयोग करू नका.

फिन खाचेत हलत असेल तर लोक एम-सील भरतात. कृपया भरू नका. ते घट्ट होते, फिन पुन्हा निघत नाही, आणि काढायला गेले की बॉक्सच बाहेर येतो. फिनच्या बुडाला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेपची एक-एक पट्टी लावा, पुरे होते. अगदीच सैल असेल तर दोन थर. उलट फिन जातच नसेल तर बूड २२० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडे थोडे घासा, बॉक्स घासू नका. वेगात फिन गुणगुणू लागली तर मागची कड बोथट आहे किंवा एका बाजूने जास्त घासली गेली आहे. ४०० नंबरच्या कागदाने दोन्ही बाजूंनी सारखी पातळ करा, आवाज थांबतो. पण मुलांच्या बोर्डावर आवाज राहिला तरी चालेल, धार नको. तिथे पुढची कड आणि टोक मुद्दाम बोथट करा, किंवा रबरी कडेची फिन घ्या.

बॉक्सभोवती केसासारखी भेग दिसली की बोर्ड पाण्यात नेणे त्या दिवसापासून बंद. भेग नखाला लागते का पाहा, आणि बोर्ड पालथा करून बॉक्सजवळ दाबा. थेंब बाहेर आला तर फोममध्ये पाणी आहे. आठवडाभर सावलीत, भेग खाली करून वाळवा. दुरुस्तीसाठी आपण कूलरच्या बॉडी आणि टाक्यांचे फायबरकाम करणाऱ्यांकडे जातो. त्यांचे हात तयार असतात, पण त्यांच्याकडे बहुधा पॉलिएस्टर रेझिन असते. तुमच्या बोर्डाच्या आत ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम असेल, तर पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन तो विरघळवून टाकते आणि बॉक्सखाली मोठी पोकळी होते. ईपीएसच्या बोर्डाला फक्त इपॉक्सी चालते. बोर्डावर ‘इपॉक्सी’ लिहिलेले असेल तर आत ईपीएसच असावा असे धरून चाला आणि कारागिराला काम सुरू होण्याआधी सांगा.

तलावावर बोर्ड भाड्याने देणाऱ्यांना आणि सुटीतील शिबिरे घेणाऱ्यांना एक विनंती. जॅकेट घातले का, हे तुम्ही पाहता, ते योग्यच आहे. त्याचबरोबर प्रत्येक फेरीआधी फिनचे टोक दोन बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. बोर्डासकट हलली तर ठीक, एकटी हलली तर स्क्रू ढिला आहे. दर बोर्डासाठी एक जादा स्क्रू, एक जादा पट्टी, आणि प्रत्येक मापाच्या बोर्डासाठी एक छोटी फिन एवढे ठेवले तर मे महिन्यातही फेऱ्या बंद पडणार नाहीत. पालकांनीही मुलाला बोर्डावर पाठवण्याआधी तो एकदा पालथा करायला सांगावे. फिनचे टोक मागे, स्क्रू जागेवर, बॉक्सभोवती भेग नाही. पाहायला अर्धा मिनिट लागतो.

समुद्राहून परतताना फिन्स तिथेच काढून बोर्ड बांधा; गाडीच्या किंवा रेल्वेच्या प्रवासात तुटतात त्या बसवलेल्या फिन्स. घरी आल्यावर खाचा गोड्या पाण्याने धुवा, स्क्रू काढून वाळवा, आणि फिन्सचा संच डावी-मधली-उजवी अशा खुणा करून फडक्यात गुंडाळा. चावी सुटी ठेवू नका. बोर्डाच्या पिशवीच्या आतल्या कडीला ती वीतभर दोरीने बांधा, म्हणजे पुढच्या वेळी किनाऱ्यावर वाळू चाळत बसावे लागणार नाही.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर